मोटारीची वैरण

बाभळीची अर्धवट तुटलेली फांदी. खाली शेळ्या निवांत पाला खात आहेत.

राकेलचा चौकोनी डबा. पालथा.

दारी आलेल्याच्या बैलांना आधी वैरण, मग माणसाला भाकर.

कुऱ्हाड कुणीतरी धुऊन भिंतीला टेकवून ठेवली आहे.

सात कोस.

मोटारीच्या मागच्या बाकावर सटवा आडवा होता. शेळ्यांसाठी बाभूळ छाटताना कुऱ्हाड निसटून मांडीत गेली होती. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, जखमेच्या वर गोफण बांधली होती, गोफणीत काठी अडकवली होती आणि ती काठी पिळून दोन्ही हातांनी धरली होती. पुढं चालवणारा सुंदरराव. त्याच्या शेजारी सटवाचा बाप हरिबा. मांडीवर घोंगडी, आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत.

सुंदरराव घाटनांदुरात फक्त इंजिनात पाणी घालायला थांबला होता. मोटार मालकाची. परक्याला बसवायची परवानगी नव्हती. आधी तो नको म्हणाला. मग त्यानं रक्त बघितलं आणि मोमिनाबादच्या दवाखान्यापर्यंत सोडतो म्हणाला.

"उपकार झाले, डायवरसाहेब," हरिबा म्हणाला. "पण आमी बी तुमच्या मोटारीला उपाशी न्हाई सोडली."

"म्हंजे? कडबा टाकला का काय पुढ्यात?"

"कडबा कावून? एवढा येडा न्हाई मी. तुमी झाकण उघडून आत काडी बुडवली, तोंड वाकडं केलं. मी बघितलं की. मग तुमी हिरीवर गेलतात तवर घरातला डबा ओतला. समदा. थेंब न्हाई ठेवला."

"कसला डबा?"

"राकेलचा."

सुंदररावानं हसायला उघडलेलं तोंड मिटलं. तो कान देऊन ऐकू लागला. इंजिन नीट वाजत होतं. नळीत अजून आधीचं पेट्रोल असणार.

"काय झालं?"

"हिला राकेल चालत न्हाई, बाबा."

"वास तर लई जवळचा व्हता."

"वास जवळचा हाय. जात येगळी."

"मग थांबा. काढून टाका."

"आन घालू काय? पेट्रोल आता मोमिनाबादलाच. इंजिन तापलेलं हाय. तापलेलं हाय तवर रडतखडत जाईल. एकदा बंद पडलं, की बैल जुंपूनच न्यावी लागंल."

हरिबा मागं वळला. "चतुरे, बोलतोय का गं त्यो?"

"पुढं बघा, मामा," चतुराबाई म्हणाली.

साडेसहा कोस. किंवा सहा.

आधी एकदा ठक् झालं. मग ठक्, ठक्, कुणी आत बसून लोखंड कुटत असल्यासारखं. मागून धूर निघाला, काळा आणि दाट. चढावर मोटार माणसाच्या चालीवर आली. समोरून येणाऱ्या गाडीवानानं बैल शेतात घातले आणि तो दातांत पदर धरलेल्या बाईकडं बघत राहिला.

"बाई, काठी सैल सोडू नका," सुंदरराव ओरडला.

"न्हाई सोडत."

"पाणी मागतोय का?"

"न्हाई."

हरिबानं दोन्ही तळवे पुढच्या फळीवर ठेवले. फळी थरथरत होती. "मी मारलं का पोराला?" त्यानं विचारलं.

सुंदरराव पायानं, हातानं, मानेनं इंजिन जागं ठेवत होता.

चार कोस. तीन.

हरिबा आता मोटारीशी बोलत होता. "चल माझी लक्षुमी. चल गं. चुकलं माझं. तुला काय चारायचं ते गेल्यावर चारतो. एवढा चढ काढ." उतार आला की तो थोपटत असे. चढ आला की हात जोडत असे. कुणीच हसलं नाही.

मोमिनाबादच्या अलीकडं करोडगिरीचा नाका. येणाऱ्या मालाची झडती घेण्यासाठी रस्त्यावर आडवा बांबू. बांबूपुढं जवान, हात वर करून.

"रुको! माल दिखाव!"

"थांबवणार त्यो," सुंदरराव म्हणाला. "आन थांबली की संपलं."

हरिबाला मोटारीचं दार उघडता येत नव्हतं. तो दारावरून बाहेर पडला, अक्षरशः पडला. गुडघ्यावर उठला आणि पळाला. साठीचा माणूस, अनवाणी, खोकत येणाऱ्या मोटारीच्या पुढं. त्यानं बांबूखाली खांदा घातला आणि उचलला. जवानाची काठी त्याच्या पाठीवर बसली. पुन्हा बसली. मोटार धुरासकट खालून निघून गेली.

"माल क्या था बे उसमें?"

"पोरगं हाय माझं."

"बांबू नीचे ले."

हरिबाच्या डोळ्यांत धूर गेला होता. रस्ता कुठं आहे ते त्याला दिसत नव्हतं. "गेली का वळणावरून?"

जवानानं तिकडं बघितलं. "गई."

"थांबली तर न्हाई?"

जवानानं काठी खाली घेतली. "नै रुकी, चाचा."

तरी हरिबानं बांबू खाली घेतला नाही. आणखी एक मोटार यायची असल्यासारखा तो खांद्यावर धरून उभा राहिला.

मोटारीला पहिला धूर सुटला, त्याच्या आधीच सटवा गेला होता.