सीलबंद गिअर

"कोरा आहे, गाडीत कधी बसवलाच नाही," म्हणत गिऱ्हाईकाने जुन्या स्पोर्ट्स कारच्या गिअरचं सीलबंद पुडकं माझ्यासमोरच फोडलं आणि फोनवर बोलायला बाहेर गेलं.

शिक्का अस्सल होता, दातांची संख्याही बरोबर भरली. किंमत लिहिणार, तोच भिंगाखाली तीन दातांच्या कडा घासलेल्या दिसल्या.

अशा कडा एकच माणूस घासायचा. क्लच अर्धवट दाबून गिअर टाकायची माझ्या दादाची खोड होती. अकरा वर्षांपूर्वी तो गाडीसकट दरीत गेला. तेव्हापासून जुन्या सुट्या भागांच्या आमच्या या दुकानात मी एकटाच बसतो.

गिअर तळहातावर घेऊन मी सवयीने पुटपुटलो, "दादा, क्लच पूर्ण दाब रे."

पुन्हा भिंग लावलं. आता चार दात घासलेले होते, आणि गिअर हाताला गरम लागत होता.