वाघोबापुढची हमी

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारले.

शहापूरच्या कोर्टात वीज गेली होती. पंखे थांबल्यामुळे फाल्गुनातली दुपार जागच्या जागी गोठल्यासारखी वाटत होती. आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा धरून उभा असलेला भगीरथ मेंगाळ वीस वर्षांचा होता, आणि त्याच्या लायसनला अजून सहा महिनेही झाले नव्हते. मुरबाड-शहापूर रस्त्यावर तो कमळाकरशेठची जीप चालवी. महिन्यापूर्वी सापगावजवळ पोलिसांनी ती अडवली, तेव्हा विम्याची मुदत दिवाळीतच संपलेली निघाली. शेठ आपला दंड भरून मोकळे झाले होते. आज भगीरथची पाळी होती.

कारकुनाने सकाळीच समजावले होते. 'कबूल' म्हणायचे, दंड भरायचा, आणि उद्यापासून पुन्हा स्टिअरिंगवर.

"कबूल..." तो म्हणू लागला.

"विमा हाय, बाईसाहेब."

मागच्या बाकावरून त्याची आई, यमू, उठली होती. एक हात तिने भिंतीला टेकवला होता.

"कागद आहे का, मावशी?"

"कागद नाय. पोरगा म्हनला, गाडीखाली कोन आलं तं त्याच्या घरच्यांना भरून द्यावं लागतं, त्याला विमा म्हनतात. तं त्यो मी केलाय. गाडी पयल्यांदा पाड्यावर आली, त्याच दिशी वाघोबाच्या धोंड्यावर हात ठेवून बोललेय. हिच्या चाकाखाली कुनाचा जीव गेला, तं बदली माझा घे."

"हप्ता किती बसतो, मावशी?" एका वकिलाने विचारले. दोन-चार जण हसले.

यमूने त्याच्याकडे वळून पाहिले. "हप्ता नाय, दादा. एकदाच द्यायाचा."

हसू तिथेच विरले.

सिद्धगडाच्या पायथ्याशी, पाड्याच्या वेशीवर तो शेंदूर फासलेला धोंडा होता. भगीरथ रोज त्याच्यासमोरून जीप काढी. आईने त्या धोंड्याला काय शब्द दिला होता, हे भगीरथला आज, या पिंजऱ्यात कळत होते.

न्यायाधीशबाई हसल्या नव्हत्या. "शब्द मोठा आहे, मावशी. पण कायद्याला तो चालत नाही," असे म्हणून त्या भगीरथकडे वळल्या. "या गाडीने याआधी कुणाला धक्का लागला आहे का? नसेल, तर दंडावर भागेल. असेल, तर ते वेगळे प्रकरण होईल. लायसनही जाईल. विचार करून सांगा."

उत्तर यमूनेच दिले. "नाय लागला, बाईसाहेब. लागला असता तं मी हितं उभी असते का?"

भगीरथने तिच्याकडे पाहिले.

त्याला पौषातली ती पहाट आठवली. धुके इतके दाट होते की जीपचे नाकही दिसत नव्हते. वळणावर मागचे चाक, भरल्या पोत्यावरून जावे तसे, हळूच वर झाले आणि हळूच खाली आले. कोणी ओरडले नाही. तो उतरला नाही. परतताना दिवसाउजेडी त्याने त्या जागी पाहिले, तेव्हा रक्त नव्हते, चिंधी नव्हती. फक्त माणसाच्या लांबीएवढे गवत दबलेले होते. घरी पोहोचला तर आई घोंगडीवर पाय लांब करून बसलेली. नडगीवर आडवा काळानिळा पट्टा, चाकाएवढा रुंद. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारले होते, यावर काय पडले? काही नाही, मी तर चुलीपुढे बसले होते, असे ती म्हणाली. त्याला आता दोन महिने झाले होते. पट्टा गेला नव्हता. तो गुडघ्याच्या वर सरकला होता.

"लागलाय, बाईसाहेब," भगीरथ म्हणाला.

यमूचा हात भिंतीवरून घसरला.

"कोणाला?"

"म्हायती नाय. मी उतरलो नाय." त्याने दिवस सांगितला, वळण सांगितले.

न्यायाधीशबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराला पोलीस ठाण्यांना फोन करायला पाठवले. तो येईपर्यंत भगीरथ मनाशी एकच गोष्ट घोकत होता. शिक्षा इथे झाली, तर ती तिकडे वाघोबा आईकडून मागणार नाही. लायसन जाऊ दे. कैद झाली तरी चालेल.

हवालदार परत आला. "शहापुरात नाही, मुरबाडातही नाही. त्या दिवशी ना कोणी मयत, ना जखमी. हरवल्याचीसुद्धा खबर नाही, मॅडम."

"मला कैद द्या, बाईसाहेब," भगीरथ घाईने म्हणाला. "आज द्या. आत्ताच्या आत्ता."

"कशाबद्दल देऊ?" त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तक्रार नाही, प्रेत नाही. चाकाखाली आलेल्या माणसाचं नाव तरी हवं ना? नावाशिवाय मला काही लिहिता येत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावले.

यमू सावकाश बाकावर टेकली. तिने लुगड्याचा काठ खाली ओढून दोन्ही गुडघे झाकून घेतले.

"मंग माझं लिवा," ती म्हणाली.