आत्याचा उजवा खांदा

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला मी नापास झालो. तो निकाल क्षणभर विसरून पुढे वाचा.

प्रात्यक्षिकासाठी मी आत्याचा ब्लाउज शिवला. पाण्याच्या कळशा वाहून तिचा उजवा खांदा उतरलाय, त्यामुळे प्रत्येक ब्लाउज तिकडून घसरतो. मी कापडही तसंच उतरतं बेतलं. परीक्षक मॅडमनी ब्लाउज सरळ खांद्यांच्या पुतळ्याला चढवला. अर्थातच तो उजवीकडे ताणला गेला.

"फिटिंग शून्य," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आत्या बाहेरच बसलीये. तिला घालून बघा ना."

"परीक्षा पुतळ्यावरच होते."

आत्या न बोलावता आत आली आणि पडद्याआड जाऊन ब्लाउज घालूनच आली. "बघा बाई, जन्मात पहिल्यांदा खांदा सावरावा लागत नाहीये!"

"म्हणजे दोष तुमच्यात आहे," म्हणत मॅडमनी शून्य कायम ठेवलं.

तरी कुलगुरूंना नम्र विनंती, की विद्यापीठातील सर्व पुतळ्यांचे उजवे खांदे दीड इंच उतरवावेत. ते अशक्य असल्यास पुतळ्याच्या जागी आत्याची नेमणूक करावी. ती परीक्षाभर हलणार नाही. गप्प बसण्याची हमी मात्र देता येत नाही.