चार बोटं उंच

जोतीराम गवंड्याचा पहिला घाव थेट उंबऱ्यावर पडला आणि शिवांजली हातातली वेणी तशीच सोडून बाहेर धावली.

"ओ काका! थांबा! उंबरा फोडताय तुमी, कळतंय का?"

"मला काय विचारतीस पोरी? तुझ्या बाला विचार," असं म्हणून जोतीरामनं दुसरा घाव घातला. आईनं सकाळी काढलेली रांगोळी, हळदीकुंकवाची बोटं, सगळ्याचा भुगा झाला.

सयाजी आप्पा अंगणात हात मागं बांधून उभे होते. फौजेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण उभं राहणं अजून परेडचंच.

"आप्पा, पाडवा पाच दिवसांवर आलाय! आष्ट्यातली सगळी घरं रंगवायला लागल्यात आणि तुमी उंबरा काढताय?"

"मला फरशी सपाट पायजे. ठेच लागती."

"कुणाला लागली आजवर? नाव सांगा एक!"

आप्पांनी नाव सांगितलं नाही. ते असंच करायचे. हुकूम द्यायचा आणि गप्प बसायचं. दहावीची तोंडी परीक्षा दणक्यात दिल्यापासून शिवांजलीला कुणालाही उत्तर देता येत होतं; पण गप्प माणसाला काय उत्तर देणार?

आई, बनुबाई, चुलीपाशीच बसून राहिल्या. थोरला मुलगा साईराज फौजेत भरती झाला, तेव्हा त्याला याच उंबऱ्यावर ओवाळून पाठवलं होतं. तेव्हापासून उंबरा पुजल्याशिवाय त्यांनी चहा तोंडाला लावला नव्हता. उंबरा राखणारी देवीच साईराजलाही राखते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

"पोरगं चार दिवसांत यायचंय," त्या एवढंच म्हणाल्या, "आणि ह्यांनी दारच उघडं बोडकं केलं."

उंबऱ्यावरच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आप्पांना सुधारणेचं खूळच लागलं होतं. मागच्या महिन्यात पेन्शनच्या कामाला म्हणून साताऱ्याला गेले, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लावले, आणि आले ते घर फोडायचं ठरवूनच. ओट्याच्या पायऱ्या गेल्या, तिथं सिमेंटचा उतार आला. "मोटरसायकल आत घ्यायला," म्हणे. मोरीचं दार रुंद झालं. आत भिंतीला स्टीलचा जाड दांडा बसला, "टॉवेल वाळत घालायला." सांगलीहून फरशी आणली तीही खडबडीत, पायाला टोचणारी. आणि कहर म्हणजे भिंतीवरचं देवघर काढून पार कमरेखाली बसवलं.

"देवांनासुद्धा खाली उतरवलं!" शिवांजली कडाडली. "खंडोबानं काय गुन्हा केला तुमचा?"

"बसून पूजा करता येती," आप्पा म्हणाले.

"आई उभ्यानं करती! वीस वर्षं करती!"

"शिवे, आवाज खाली."

तिनं रागारागानं दादाला व्हिडिओ कॉल लावला. साईराज सहा महिने पुण्यात कुठल्याशा कोर्सला होता. दिवाळीलाही आला नव्हता. पडद्यावर त्याचा चेहरा तेवढा दिसला, जरा उतरलेला.

"दादा, तू तरी सांग की रं आप्पांना! लय मनमानी चाललीय."

"करू दे की गं. त्यांचंच घर हाय."

"तू पण त्यांच्याच पार्टीत! ये तर खरं, मग बघते. आईनं तुझ्या पायावर पाणी घालायला पितळी तांब्या घासून ठेवलाय. कुठं घालायचं पाणी? उंबरा हाय कुठं?"

पडद्यावरचा चेहरा बाजूला सरकला. मग फोन बंद झाला. रेंज गेली असणार.

पाडव्याच्या आदल्या पहाटे आप्पा गाडी ठरवून साईराजला आणायला निघाले.

"आवं, तो काय कुकुलं बाळ हाय व्हय?" बनुबाई म्हणाल्या. "येतोय की दरवेळी एसटीनं."

"सामान लय हाय," आप्पा म्हणाले आणि गेले.

गाडी वळली आणि शिवांजलीनं ओढणी कमरेला खोचली. "आई, ऊठ. आज आपलं राज्य."

केरबा सुताराला तिनं दोन दिवस आधीच गाठलं होतं. त्यानं सागवानी उंबरा तासून तयार ठेवला होता.

"किती उंच ठेवायचा गं?" केरबानं विचारलं.

"आधीपेक्षा जास्त. चांगला चार बोटं. परत कुणाची काढायची हिंमत नको."

"तुझा बा मला काढंल गावातनं."

"मी हाय की!"

दुपारपर्यंत उंबरा पक्का बसला. बनुबाईंनी हळदीकुंकू लावलं, डोकं टेकलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "वाघीण हायस माझी," त्या म्हणाल्या. शिवांजलीनं उंबऱ्यावर पाय न देता आतबाहेर दहा उड्या मारून बघितल्या.

उन्हं कलताना गाडी दारात आली. बनुबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या राहिल्या, शिवांजली तांब्या घेऊन. पुढच्या सीटवर साईराज होता. काचेतून हसत होता.

"उतर की रं!" बनुबाई ओरडल्या. "पाय पुढं कर, पाणी घालू दे."

साईराजनं दार उघडलं नाही. आप्पा उतरले. उताराच्या टोकाला बसवलेला नवा उंबरा त्यांना दिसला. शिवांजलीनं मान ताठ केली. भांडायला सगळी वाक्यं तयार होती. पण आप्पांनी तिच्याकडं पाठ केली. ते गाडीच्या मागं गेले, डिकी उघडली, आणि घडी घातलेली चाकांची खुर्ची त्यांनी खाली काढून ठेवली.