नळाला पाणी आलंय

रविवारी चार वाजता भेटीची वेळ संपली, तेव्हा वनमालाबाईंच्या मुठीत पद्मजाच्या पदराचं टोक होतं.

"आई, नळाला पाणी आलंय. भरून येते."

मूठ लगेच सुटली. "जा गं, पळ. जाईल नाहीतर." घाटकोपरच्या चाळीत तीस वर्षं नळाच्या वेळा सांभाळलेली बाई, या एका कारणाला ती कधी अडवत नसे.

वॉर्डाबाहेर येताच पद्मजानं चपला काढून हातात घेतल्या. मुलुंडच्या त्या मनोरुग्णांच्या दवाखान्याचा व्हरांडा लांब होता आणि आईचे कान तिखट होते.

जिन्यापाशी द्रौपदी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी चपलांकडे पाहिलं.

"आजही नळच का?"

"काय करू, सिस्टर? घरी जाते म्हटलं की रडते."

"रडू द्या ना. मी बसते जवळ. रडणं दहा मिनिटांत थांबतं हो. तुम्ही गेल्यावर त्या दारात उभ्या असतात. जेवायला चला म्हटलं तर मला म्हणतात, बाजूला व्हा, पमी हंडा घेऊन येतेय." त्यांनी वॉर्डाकडे हात केला. "चला परत. आत्ता सांगा. मी येते सोबत."

पद्मजानं घड्याळ बघितलं. घरी मुलांचे डबे, उद्याचं ऑफिस.

"पुढच्या रविवारी. नक्की."

मंगळवारी सकाळी शेजारच्या काशीरामकाकांकडे फोन आला. पहाटे, झोपेतच.

ती पोचली तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टरांनी आईचे केस विंचरून वेणी घातली होती, घट्ट, आईला आवडायची तशी.

"काही बोलली का?"

सिस्टरांनी कंगवा खिशात ठेवला. मग म्हणाल्या, "काल संध्याकाळी पमी कुठाय विचारत होत्या. मी म्हटलं, घरी गेली, रविवारी येईल. तर मलाच रागावल्या. म्हणाल्या, घरी गेली असती तर मला सांगून गेली असती."

खाली गाडी आली होती. जिन्यावर माणसांची चाहूल लागली.

पद्मजा खाटेच्या कडेला बसली. आईचा हात उघडा होता. तिनं पदराचं टोक तळव्यावर ठेवलं आणि एकेक बोट त्यावर मिटवलं. सोडलं की बोटं पुन्हा उलगडत होती. मग तिनं स्वतःच्या हातानं ती मूठ धरून ठेवली.

"आई," ती म्हणाली. पलीकडच्या खाटांवरच्या बायका गप्प झाल्या, इतक्या मोठ्यानं. "नळाला पाणी आलं नव्हतं गं. मी घरी जात होते."