स गाळल्यावर

शे → आहे
मन्हं → माझं
स →

तिसऱ्या बाणापुढे काहीच नव्हतं. अहिराणी शब्दाच्या शेवटी स आला की तो गाळायचा. शे कुठेही दिसला की त्याजागी आहे. तुकड्याजागी ठरलेला तुकडा ठेवत अहिराणीचं मराठी करायचं, एवढाच नूतनचा मॉर्फिझम. आणि तिचं प्रमेय म्हणत होतं, त्या मराठीवरून मूळ अहिराणी शोधत मागे गेलं, तर उत्तर एकच सापडतं.

नेहमी.

तीन वर्षं ती या एका 'नेहमी'वर बसली होती. पेपर पुण्यात तिच्या मार्गदर्शक सरांकडे होता. संध्याकाळी ते परिषदेला पाठवणार होते.

खानदेशात, रनाळ्याच्या घरी, ओट्यावर, तिने संगणकात सहज एक शब्द टाकला. शेत.

आहेत, असं उत्तर आलं.

ती हसली. मग तिने शेतस टाकलं. घरात 'आहेत'ला सगळे शेतसच म्हणतात.

आहेत.

हसू थांबलं. आता 'आहेत'वरून मागे जा. एकदा शेत, एकदा शेतस. तिने नियम खोडले, नव्याने मांडले, पुन्हा खोडले. शेत जागचं हललं नाही.

"काय व्हयनं वं?" शेंगा सोलता सोलता आईने, रंजनाबाईंनी विचारलं.

"उत्तरं दोन निंघनात. एकज जोयजे व्हतं."

"मंग एक दी टाक त्यासले. दुसरं ऱ्हाऊ दे घरमा."

नूतनने सरांना फोन लावला. रेंज येत-जात होती. प्रमेय चुकलंय, पेपर थांबवा, असं तिने दोनदा ओरडून सांगितलं.

"अगं, मग शेवटी स असलेले शब्द वगळू," सर म्हणाले. "एक ओळ घालतो मी तशी. तिथं अहिराणी येते कुणाला?"

करस. जास. बोलस. ऱ्हास. ही रोजची क्रियापदं वगळल्यावर आई बोलणार काय, शेंगांची टरफलं?

संतापाने तिला 'मला येते' एवढंही मराठीत सुचेना.

"सर, माले येस."

मधला शब्द रेंजने गिळला.

"येस ना? गुड," सर म्हणाले. "पाठवतो मग."