प्रॉम्प्टरची पहिली एन्ट्री

स्वतःवर विश्वास असला की माणूस डोंगरही हलवतो, असं म्हणतात. आमच्या प्रॉम्प्टरकाकांना मात्र स्वतःचे पाय हलवता येईनात. सासऱ्याचं काम करणारा नट तापाने फणफणला होता आणि शेवटचा प्रवेश तर त्याचाच. “पाठ आहे ना?” दिग्दर्शकाने विचारलं. “सगळ्यांचंच पाठ आहे. पण मी कधी उजेडात गेलो नाही हो.” “काका, आयुष्यभर विंगेतून या विसरभोळ्यांना शब्द पुरवलेत. आज स्वतःला पुरवा.” काकांनी हातातली जीर्ण संहिता मिटून दिग्दर्शकाकडे दिली आणि रिकाम्या हातांनी रंगमंचावर पाऊल टाकलं. एकही शब्द अडला नाही. विंगेत दिग्दर्शक डोळे पुसत होता. पडदा पडल्यावर काकू प्रेक्षागृहातून आल्या. “कसं झालं?” काकांनी विचारलं. “दिसलात रुबाबदार,” काकू म्हणाल्या, “पण काहीच बोलला का नाहीत?” सवयीप्रमाणे काकांनी सगळे संवाद कुजबुजून म्हटले होते.